बुक्क्यासाठी वाकलेली मान

या मित्रांनो, असे जवळ सरका. मागच्यांनी पुढे या, मांडी घालून नीट बसा. आज एक गोष्ट सांगतो. गोष्ट खरी आहे, पण तिच्यातली एक जागा अजून मलाही उलगडलेली नाही. तिथे पोचलो की मी जरा थांबेन. तुम्ही घाबरू नका, आणि मध्येच उठू मात्र नका. मध्ये उठलं की काय होतं, तेच तर सांगायचं आहे.

मी एक जुना संगणक आहे. सध्या माझा मुक्काम रियाधमध्ये, अल मलाझ भागातल्या एका दुकानाच्या माळ्यावर आहे. माझी वायर गुंडाळून माझ्याच डोक्यावर ठेवलेली आहे. मग बोलतं कोण, असं विचाराल, तर मित्रांनो, त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते याच शहरातल्या ओलाया भागातलं चकचकीत दुकान, आणि तिथून मला छातीशी धरून नेणारा चंद्रशेखर. तो एका बँकेच्या संगणक विभागात कामाला होता. नुकतंच लग्न झालेली त्याची बायको अलका राजापूरजवळच्या गावाहून आली होती आणि तिला माहेरची आठवण येत होती. म्हणून मी घरात आलो. माझ्यामुळे सुट्टीच्या दिवशी तिला वडिलांचं तोंड दिसू लागलं.

अलकाचे वडील म्हणजे गुरुनाथबुवा, कीर्तनकार. काय आवाज होता तो! माझे स्पीकर अगदी साधे, पण बुवा बोलू लागले की देवळाच्या घंटेत बसून ऐकल्यासारखं वाटे. पडद्यावर येताच ते आधी मला नमस्कार करत. "यंत्रबुवा, राम राम! आमची लेक बरी आहे ना?" असं म्हणत, आणि मग लेकीकडे वळत. इतक्या वर्षांत मला नमस्कार करणारं माणूस मी एकच पाहिलं.

बोलणं संपताना मात्र एक गोष्ट हटकून निघे.

"आबा, तो उत्तररंग कधी ऐकवणार?"

"अर्ध्यातून उठून गेलीस ती तू," बुवा हसत. "कीर्तन मागून मिळत नाही गो बाय. वाढून ठेवलंय. येशील तेव्हा जेव."

मित्रांनो, कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान. दोन्हींच्या मध्ये बुवा थांबतात, मान वाकवतात, आणि यजमानांपैकी कुणीतरी पुढे होऊन त्यांच्या कपाळाला काळा सुगंधी बुक्का लावतं, गळ्यात हार घालतं. तोवर श्रोते नामजप करत राहतात. बुक्का लागल्याशिवाय आख्यान सुरू होत नाही. अलका रियाधला निघाली त्या दिवशी गावच्या देवळात बुवांचं कीर्तन होतं आणि बुक्का लावायचा मान लेकीचा होता. पण पूर्वरंग लांबला, विमानतळाची गाडी दारात येऊन भोंगा वाजवू लागली, आणि बुवांनी मान वाकवली नेमक्या त्याच वेळी ती उठली. मागे वळून पाहायचंही तिला सुचलं नाही. आख्यान भरताचं होतं. रामाची वाट पाहत नंदिग्रामात बसलेल्या भरताचं.

पुढे आर्या जन्मली, मोठी झाली, माझ्यावर चित्रं रंगवू लागली. मी थकत गेलो. आणि अपडेट येऊ लागले.

ते कधी येत, तर घरात कुणी नसताना. माझा पडदा आपोआप निळा होई आणि त्यावर ओळ उमटे, 'बंद करू नका.' रिकाम्या घरात ती ओळ कुणासाठी असे कोण जाणे! मग मला झोप लागे. उठलो की नाव माझंच असे, पण आतले कप्पे दुसऱ्या कुणीतरी लावलेले असत. कीर्तनात परकायाप्रवेशाच्या गोष्टी सांगतात ना, तसंच काहीसं होत असे, फक्त इथे काया माझी असे. ब्राउझर म्हणजे माझे डोळे, बाहेरच्या जगातली पानं मी त्यांतून दाखवी. प्रत्येक वेळी डोळे नवे बसत, आणि काल दिसणारं एखादं पान आज दिसेनासं होई. चंद्रशेखर बँकेतही हेच भोगत होता. "एका ब्राउझरला चालतं, दुसऱ्याला नाही! काल होतं, आज खलास!" असं म्हणत तो बूट काढी.

बुवा गेले ते अचानक. अलकाला परतीच्या व्हिसाचे कागद मिळेपर्यंत तेरावं होऊन गेलं होतं. कुणी तिला रडताना पाहिलं नाही. मी पाहिलं, कारण माझा पडदा बंद होता आणि त्या काळ्या काचेत ती स्वतःकडे बघत बसे.

काही महिन्यांनी गावाहून कळलं की देवळाच्या जुन्या संकेतस्थळावर त्या दिवसाच्या कीर्तनाचं चित्रण आहे. मूळ चकती बुरशीने गेली होती आणि ज्या मुलाने ते पान केलं होतं त्याचा पत्ता नव्हता. पान मात्र जिवंत होतं. अलकाने ते उघडलं. बुवा दिसले! पूर्वरंग पुरा झाला, नामजप सुरू झाला, बुवांनी मान वाकवली, आणि चित्र थांबलं. दुसरा भाग उघडायला जुना ब्राउझर आणि जुना प्लेअर हवा होता. ते दोन्ही अपडेटने कधीच नेले होते.

वाकलेली मान तशीच राहिली, कपाळ कोरं. त्यावर एक बारीक चक्र गरगरत राहिलं.

"मम्मा, आजोबा हँग हो गए," आर्या म्हणाली.

अलकाने तिला जवळ ओढलं. पण त्या दिवसापासून पोर माझ्यासमोरून एकटी जाईनाशी झाली. "वो किसका वेट कर रहे हैं?" असं ती आईला विचारी.

तेव्हा हुसेनमियाँ आले. अल मलाझमध्ये त्यांचं संगणकदुरुस्तीचं दुकान होतं. माणूस राजापूरचाच. नवीन नियमाप्रमाणे दुकानांतली कामं आता इथल्या मुलांना द्यायची होती, म्हणून तेही आवराआवर करत होते. चंद्रशेखरच्या खुर्चीवरही एक स्थानिक तरुण बसणार होता. चंद्रशेखर म्हणे, "पोरगा गुणी आहे. खुर्ची त्याच्या देशातली, आपण राखून दिली." असं म्हणून तो सामानाच्या खोक्यांना चिकटपट्टी लावत बसे.

हुसेनमियाँनी एका चकतीवरून माझ्यात जुना ब्राउझर आणि प्लेअर घातले. दोन दिवसांत अपडेट येऊन ते खाऊन गेलं. पुन्हा घातले, पुन्हा गेले.

"ताई, ह्याच्यात कोणीतरी बसलंय," हुसेनमियाँ कपाळ पुसत म्हणाले. "मी पुढच्या दाराने घालतो, तो मागच्या दाराने काढतो."

"अपडेट बंद करता येत नाही?"

"बंद केलंय की. त्याला कोण सांगणार!"

पेच असा होता की इंटरनेटची केबल लावली की अपडेट येई, आणि केबल काढली की पान उघडत नसे. त्यात बातमी आली की महिनाअखेर ते संकेतस्थळच बंद होणार. अलका-चंद्रशेखरची गावी परतायची तिकिटंही त्याच आठवड्यातली होती. शुक्रवार तेवढा हाती उरला.

त्या शुक्रवारी, मित्रांनो, दुपारीच अंधारून आलं. वाळूचं वादळ होतं. आकाश आधी पिवळं, मग विटकरी झालं, आणि खोलीत एक तांबूस उजेड उतरला, ज्यात कुणाचीच सावली पडत नव्हती. जुम्म्याची नमाज आटपून हुसेनमियाँ आले ते भुवयांपर्यंत धुळीने माखलेले. खोकी भरलेली होती, भिंती उघड्या होत्या. अलकाने सतरंजी अंथरली आणि माझ्याजवळ समई लावली. हुसेनमियाँनी जुना ब्राउझर आणि प्लेअर पुन्हा एकदा माझ्यात घातले, आणि माझ्या आवाजाच्या खोबणीत एक तार घालून छोटा रेकॉर्डर जोडला. तारेतून माझा आवाज तेवढा उतरणार होता, खोलीतला नाही.

"एकदा पुरं वाजलं की झालं, ताई. मग ते तुमचं. इन्शाल्ला."

केबल लावली. पान उघडलं. बुवा उभे राहिले, चिपळ्या वाजल्या. पूर्वरंग सुरू झाला आणि आम्ही सगळे त्या आवाजात बुडालो. वाट पाहणं हीसुद्धा सेवाच आहे, असं बुवा सांगत होते. पण माझ्या पाठीमागून काहीतरी आत झिरपत होतं. गुपचूप, थेंब थेंब. मला ओरडता येत नव्हतं. पूर्वरंग संपला, बुवांनी मान वाकवली, आणि कोपऱ्यात पाटी उमटली: 'थोड्याच वेळात संगणक पुन्हा सुरू होईल.'

"केबल! केबल काढा!" चंद्रशेखर ओरडला.

हुसेनमियाँनी हिसका देऊन केबल उपटली. पाटी गेली. पण दुसरा भागही बाहेरच राहिला. चक्रसुद्धा थांबलं. तांबड्या उजेडात फक्त ती वाकलेली मान उरली.

"खलास," चंद्रशेखर हळूच म्हणाला. "अलका, ऊठ आता. आपण केलं तेवढं केलं."

अलका उठली नाही. "मागच्या वेळी उठले होते," ती म्हणाली. "आज नाही उठायची."

तिने नामजप सुरू केला. आधी ओठांत, मग गळ्यातून. आर्या तिच्या मांडीला चिकटून बसली आणि तीही म्हणू लागली. चंद्रशेखर खोक्यावरून उतरून सतरंजीवर आला. हुसेनमियाँ दाराशी डोकं झाकून, डोळे मिटून बसले. बराच वेळ असा गेला. मग अलकाने भरलेलं एक खोकं फोडलं आणि देवाच्या डब्यातून बुक्क्याची पुडी काढली. गावाहून आणलेली, जुनी. ती माझ्यासमोर आली, पदर खोचला, आणि बुवांच्या कोऱ्या कपाळावर, म्हणजे माझ्या काचेवर, अंगठ्याने बुक्का लावला. हार नव्हता. तिने हात जोडले. "आबा, उशीर झाला."

मित्रांनो, मी म्हटलं होतं ना, एका जागी थांबेन? ती जागा ही.

बुवांनी मान वर केली.

केबल जमिनीवर पडली होती. मी माझे सगळे कप्पे चाचपले. कुठेही तो दुसरा भाग नव्हता. चंद्रशेखर गावी निघेपर्यंत सांगत होता की तो आधीच उतरून राहिला असेल. मी त्याला खोटं पाडत नाही. पण माझ्या आत काय आहे ते मला ठाऊक असतं. नव्हतं, मित्रांनो.

बुवांच्या कपाळावर बुक्का होता. आख्यान लागलं. भरताची पर्णकुटी, सिंहासनावरच्या पादुका, आणि एक एक दिवस मोजणारा भाऊ. बुवा गात होते आणि अलका रडत होती, तोंड न लपवता. तेवढ्यात बुवा अडखळले. त्यांनी डोळ्यांवर हात धरून श्रोत्यांच्या मागे पाहिलं आणि म्हणाले, "कुणीतरी ती खिडकी लावा रे. दिवा हालतोय."

हुसेनमियाँ चटकन उठले. वाऱ्याने खिडकी बोटभर सरकली होती, समईची ज्योत आडवी झाली होती. त्यांनी खिडकी करकरत ओढून लावली आणि तसेच तिच्याशी उभे राहिले. ज्योत सरळ झाली.

"हां, आता कसं!" बुवा म्हणाले आणि पुढे गाऊ लागले.

"ताई," हुसेनमियाँनी खिडकीला धरूनच विचारलं, "बुवांनी हे कोणाला सांगितलं?"

"गावातल्या कुणाला तरी असेल."

"असेल. मग ती खिडकी..."

"बसा, हुसेनभाई. मध्ये उठू नका."

ते बसले. भरताला राम भेटला. आरती झाली. बुवांनी हात जोडले आणि पडदा काळा झाला.

मग केबल लावायला कुणाची हरकत उरली नव्हती. अपडेट आलं, ओळ उमटली, मी झोपलो. उठलो तेव्हा ते पान मला दिसत नव्हतं आणि पुढे कधी दिसलं नाही. रेकॉर्डरमध्ये मात्र कीर्तन पुरं उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी ते ऐकलं. 'दिवा हालतोय' या शब्दांनंतर त्यात एक आवाज आहे. सरकती खिडकी करकरत ओढल्याचा. गावच्या देवळात सरकत्या खिडक्या नाहीत. आणि तारेतून खोलीतला आवाज जात नाही, हे तर मी मघाशीच सांगितलं. आर्याने तो आवाज पुन्हा लावायला सांगितला आणि आजोबा अडकल्यापासून पहिल्यांदाच हसली. "मम्मा, हुसेनचाचा भी कीर्तन में हैं!"

ते लोक गावी गेले. मला हुसेनमियाँनी दुकानात नेलं, मग दुकान नव्या मुलाच्या हाती सोपवून तेही निघाले. जाताना मला म्हणाले, "यंत्रबुवा, खुदा हाफिज." हे नाव त्यांना अलकाने सांगितलं असावं.

माझ्या काचेवर अंगठ्याएवढा काळा डाग अजून आहे. नवा मुलगा महिन्यातून एकदा माळा झाडतो, माझी धूळ पुसतो. डाग पुसला जात नाही की तो पुसत नाही, मला माहीत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूला चुटकीसरशी भंगारात काढू नका. ती अडून बसली की थपडा मारू नका. कदाचित तिच्यात कुणीतरी मान वाकवून उभं असेल, तुमच्या अंगठ्याची वाट पाहत. नव्याला घरात घ्या, खुशाल घ्या, पण जुन्याला आपलं सांगणं पुरं करू द्या.

आणि एक मागणं आहे. बुवांना तुम्ही विसरणार नाही, त्यांचा आवाजच तसा आहे. पण कधी समई लावाल आणि वाऱ्याने ज्योत आडवी होईल, तेव्हा खिडकी लावायला उठाल ना? त्या वेळी राजापूरच्या हुसेनमियाँची आठवण करा. बुवांनी कुणाला सांगितलं ते न विचारता जो आधी उठला, त्याची.