साखरेच्या डब्याचं कुलूप

मित्रांनो, मी साखरेचा जुना स्टीलचा डबा. माझी कडी अशी वाकलेली का, एवढंच मला सांगायचं आहे.

वागळे इस्टेटमधल्या एका लहान कारखान्यात मी घडलो आणि डोंबिवलीत, मानपाड्याजवळच्या चाळीत, आवडाबाईंच्या घरी आलो. येणारेजाणारे माझी चकाकी वाखाणत. १९८३ साली शेवंती सून होऊन आली आणि आवडाबाईंनी मला कुलूप घातलं. किल्ली त्यांच्या कमरेला.

पहिल्या वेळी दिवस गेले तेव्हा शेवंतीला एकदा घेरी आली. ओट्याला धरून तिने विचारलं, "आत्याबाई, चहात चमचाभर साखर घालू?"

"पाणी पी दोन घोट. घेरी काय, येते नि जाते."

शेवंती पाणी प्यायली आणि ते वाक्य तिने जपून ठेवलं.

दहाएक वर्षांनी आवडाबाईंना मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, साखर बंद केली, आणि गोळी घेतली की जेवायचंच, असं बजावलं. शेवंतीने त्याच दिवशी किल्ली मागून घेतली. "डॉक्टरांनी सांगितलंय, आत्याबाई." मग रोज सासूसमोर बसून ती गोडमिट्ट चहा पिऊ लागली. औषधाच्या आडून सूड घेतला की कोणी नावं ठेवत नाही, हे मी तेव्हा पाहिलं.

पुढे अंगारकी आली. आवडाबाईंनी नेमाने गोळी घेतली आणि नेमाने उपासही धरला. निव्वळ पाण्यावर टिटवाळ्याला जाऊन आल्या. दुपारी त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या तेव्हा लुगडं घामाने भिजलं होतं आणि हात लटपटत होते.

"शेवंते, चिमूटभर साखर दे गं. डोळ्यांपुढं अंधारी येतेय."

"पाणी प्या दोन घोट," शेवंती सावकाश म्हणाली. "घेरी काय, येते नि जाते."

आवडाबाई भिंतीला टेकून खाली घसरल्या. त्यांची जीभ जड झाली. सुनेकडे बघत त्या "आई, आई" म्हणू लागल्या. शेवंतीचं हसू तिथेच थिजलं. घाईत किल्ली लागेना, तेव्हा तिने वरवंटा घातला. कडी वाकली. मूठभर साखर घेऊन ती वळली, तर सासूची दातखीळ बसली होती.

डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. "गोळीने साखर इतकी उतरणं क्वचितच होतं," ते म्हणाले, "पण उतरली तर माणूस हातचं जातं. गोळीचा अंमल अजून आहे. दवाखान्यात ठेवा."

घरी आल्यावर आवडाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "शेवंते, वाक्य माझंच होतं ना?"

"हो."

"एक शब्द चुकली नाहीस."

"पाठ होतं, आत्याबाई."

माफी कोणीच मागितली नाही. नवं कुलूप मात्र आलं नाही.

मित्रांनो, घरात कोणी अशा गोळ्या घेत असेल तर त्यांना उपाशी राहू देऊ नका, आणि साखर हाताशी ठेवा. मला मुंग्यांपासून जपा, ओलीपासून जपा, पण कुलूप घालू नका. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, असं लोक म्हणतात. त्यातला एखादा दिवस कोणाचा तरी शेवटचा ठरायला वेळ लागत नाही.