सव्वा मूठ गहू

उखर्डूनानाच्या घरी कानबाई देवीच्या सणाला नैवेद्याचा रोट व्हायचा तो सव्वा मूठ गव्हाचा. खानदेशात रोटाचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने घेतात, दर माणशी सव्वा मूठ. चार भाऊ आणि त्यांची पोरं-नातवंडं असली की सूप भरून वाहतं. नानाचा एकुलता एक मुलगा विहिरीच्या कामावर दरडीखाली गेला, त्याला वीस वर्षं झाली. लेकी दोन, पण दिलेल्या लेकीला रोट चालत नाही. रोट भाऊबंदांनीच खायचा. बाहेरच्याला कणभर द्यायचा नाही आणि टाकायचाही नाही. म्हणून श्रावणातला तो रविवार आला की नाना आणि त्याची बायको बेबाबाई समोरासमोर बसून मुकाट्याने चावत राहायची.

"बठ्ठासना घर पंगत बसस," बेबाबाई म्हणायची, "आनि आपला घर दोन बगळा."

पारोळ्याजवळचं ते गाव नानाच्या आजोळचं. तिथे नांद्रे आडनावाचं दुसरं घर नव्हतं. आई भागाबाई विधवा होऊन, त्याला काखेत घेऊन माहेरी आली होती. सासरचं नाव काढलं की ती चुलीत फुंकर घालायला वाकायची. नाना दहा वर्षांचा असताना ती गेली. मामाला विचारलं तर मामा म्हणायचा, "मरेल गावनं नाव कसाले लेस?" पुढे मामाही गेला, आणि विचारायला कुणी उरलं नाही.

अक्षरं नानाला पंचावन्नाव्या वर्षी आली, साक्षरता वर्गात. तेव्हापासून तो हाती येईल तो कागद वाचायचा, भज्यांचा पुडासुद्धा. नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात असाच पेपर वाचताना त्याला एक चौकट दिसली. जगभरच्या नांद्रे बांधवांचा इंटरनेटवर एक परिवार जमवला आहे, कुळाचा वृक्ष तयार होत आहे, माहिती पाठवावी. खाली धुळ्याचा पत्ता होता, रतिलाल नांद्रे, निवृत्त अभियंता.

नानाने तीन दिवस खपून कार्ड लिहिलं. 'माझे नाव उखर्डू छगन नांद्रे. वय सत्तर. आई भागाबाई. मला भाऊबंद नाहीत. असल्यास कळवावे.'

महिन्याभराने रतिलालने त्याला धुळ्याला बोलावलं. पांढरा सफारी घातलेला, साठीचा, हसतमुख माणूस. बसस्टँडवर घ्यायला आला आणि थेट एका संगणकाच्या दुकानात घेऊन गेला.

"नाना, तुमचं कार्ड मी जसंच्या तसं सगळ्यांना पाठवलं. अमेरिकेतून उत्तरं आली, बडोद्याहून आली. लोक विचारतायत, हा बाबा कोण?"

नानाने चष्मा पुसला आणि पडद्याकडे वाकून पाहिलं. एक अक्षर ओळखेना.

"हाई मराठी नही का?"

"भाषा मराठीच, नाना. अक्षरं इंग्रजी."

पंधरा वर्षांची कमाई त्या काचेवर क्षणात मातीत गेली. नाना पुन्हा अंगठेबहाद्दर झाला आणि मांडीवर हात ठेवून ऐकत बसला.

सुरतेहून एकाचं उत्तर त्याच सकाळी आलं होतं, की आमची आजी झुंबरबाई माहेरची नांद्रे, नव्वदीची आहे, छगनची ती सख्खी बहीण. ती सांगते, छगनभाऊची तीन पोरं पाळण्यातच गेली. चौथा झाला तेव्हा दाईने त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. शेजारच्या भिकुबाईने उचललं. मग भागावहिनीने भिकुबाईला पायलीभर ज्वारी देऊन पोर परत घेतलं, सटवीला वाटावं की हे टाकून दिलेलं आहे. म्हणून नाव उखर्डू.

दुकानातले सगळे हसले. खानदेशात सटवीला फसवायला असं नाव ठेवलेला एक तरी उखर्डू, एक तरी लोटन प्रत्येकाच्या ओळखीचा असतो. नानाही हसला. आपण पायलीभर ज्वारीचे आहोत हे त्याला सत्तराव्या वर्षी कळत होतं.

रतिलाल मात्र वाचता वाचता थांबला होता.

"पुढे काय लिखेल शे?" नानाने विचारलं.

"पुढे... आशीर्वाद आहेत." रतिलालने घाम पुसला. "नाना, छगनचा धाकटा भाऊ पुना. पुना म्हणजे माझे वडील. आपण चुलतभाऊ!"

दुकानातल्यांनी टाळ्या वाजवल्या. रतिलालने नानाला मिठी मारली. त्याच दिवशी बातमी सातासमुद्रापार गेली आणि आठवड्यात चाळीस जणांनी रतिलालचं अभिनंदन केलं. अमेरिकेतल्या कुणीतरी लिहिलं, या वर्षी कानबाईला नानांना नांद्र्यांच्या मूळ गावी बोलवा, फोटो पाठवा. आता रतिलालला माघार नव्हती.

श्रावणात तिकडे निघताना नानाने डब्यातून सव्वा मूठ गहू काढले आणि फडक्यात बांधले.

"आठे करू नको रोट," तो बेबाबाईला म्हणाला. "एक माणूसना गहू दोन ठिकाने नही जातस."

"आनि तठे नही भेटना तं?"

"भाऊबंद शेतस मन्हा," नाना म्हणाला. सत्तर वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं होतं.

नरडाण्याच्या पुढे तीन कोसांवर ते गाव. शनिवारी रतिलालच्या वडिलोपार्जित घराच्या अंगणात सूप मांडलं होतं. साठ पुरुषांचे गहू पडले होते, काही परदेशातल्यांच्या नावानेही. नानाने फडकं सोडलं आणि आपली मूठ त्यात ओतली. फोटो निघाला. मग बायकांनी धुतलेल्या चक्कीवर गहू दळून आणले. कोपऱ्यात बाजेवर झुंबरबाई बसली होती, सुरतेहून आलेली. तिने नानाचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि रडू लागली.

रविवारी दुपारी नैवेद्य दाखवला. पंगत बसली. नानाचं पान रतिलालच्या शेजारी, मोठ्या भावाच्या जागेवर. रोट ताटात पडला. नानाने हात जोडले, तेवढ्यात रतिलालने मांडीखालून एक स्टँपपेपर काढला.

"नाना, एक साधी सही. इकडे कारखान्यांसाठी जमिनी जाणार म्हणतात. उद्या वारसांची चौकशी झाली तर घोळ नको, असं वकील म्हणाला." त्याने शाईची डबी पुढे केली. "अंगठा चालेल."

"वाचस मी," नाना म्हणाला.

"जेवणावर कशाला वाचताय?"

नानाने चष्मा लावला. हा कागद मराठीत होता. एकेका शब्दाखाली बोट ठेवत तो मोठ्याने वाचू लागला, वर्गात शिकवलं होतं तसं.

"मी... उखर्डू... लिहून देतो की, मी छगन नांद्रे यांचा मुलगा नसून... मला उकिरड्यावरून उचलून... पायलीभर ज्वारीस विकत घेण्यात आले होते. नांद्रे कुळाशी... माझा रक्ताचा संबंध नाही."

बाजेवरून झुंबरबाई ओरडली, "तुन्हा बाप बी हाईच बोलना व्हता रे रतिलाल! छगनभाऊनी राख थंडी नही व्हयनी, तं भागाले सांगे, तुन्हं पोरगं उकिरडानं शे, ले आनि नींघ! मी लिखी धाडं व्हतं तुले!"

दुकानात रतिलाल कुठे थांबला होता ते नानाला आता कळलं. चुलीत फुंकर घालणारी आईही कळली.

त्याने कागदाची नीट घडी घातली.

"रतिलाल, तूच सांग. सही करी तं मी कुळना नही, मंग रोट कसा खाऊ? रोट खाधा तं तुन्हा कागद खोटा. आधी काय करू?"

एक जण कॅमेरा खाली ठेवून पंख्याकडे बघत राहिला. नाना रतिलालच्या हाताकडे पाहत होता. त्याला अजूनही वाटत होतं की हात कागद फाडील. हात पुढे आला, नानाचं ताट उचललं आणि भिंतीशी सरकवून ठेवलं.

"सही झाली की वाढू, नाना. रुसू नका."

नाना उठला. गुडघे धरून उठायला वेळ लागला, तेवढ्या वेळात कुणी बस म्हणालं नाही.

"मन्हा गहू?"

"ते आता कसे निघणार? सगळ्यांच्या पिठात गेले," रतिलालची बायको दाराआडून म्हणाली.

"मंग खा. बठ्ठा खा. पन कागद खरा व्हई तं बाहेरना माणूसना गहू शेतस तुमना रोटम्हा. कानबाईले काय सांगशात ते दखी ल्या."

झुंबरबाईच्या पायाला हात लावून तो निघाला. त्याला वाटलं, आता पंगत उठेल. निदान घास तरी थबकेल. तो फाटकापर्यंत पोचला नाही तोच मागे ताटांचा आवाज सुरू झाला.

सोमवारी सकाळी तो गावी उतरला तेव्हा वाजत-गाजत कानबाया विसर्जनाला नदीकडे चालल्या होत्या. बेबाबाई ओट्यावरच बसली होती.

"भेटना का रोट?"

"भेटना. बठ्ठा जन व्हतात पंगतले."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि आत जाऊन भाकरी टाकली. त्याने ती खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरीही मीठ-मिरचीशी संपवली. बेबाबाईने चुलीत फुंकर घातली. पदराने डोळ्यातला धूर पुसला आणि चौथ्या भाकरीचं पीठ परातीत घेतलं.