वाट पाहणारे बूट

साकाता गावातल्या आमच्या हायकू मंडळात मतांची वही माझ्याकडे असते. त्यामुळे मोरोकुमा या निवृत्त बसचालकांना सहा वर्षांत एकही मत पडलेलं नाही, हे मी पुराव्यानिशी सांगू शकतो. "या महिन्यात नाही पडलं तर मंडळ सोडलं," असं ते जाहीर करून बसले होते. राहा म्हणून कोणी आग्रह केला नाही.

आमची पद्धत सरळ आहे. प्रत्येकाने चिठ्ठीवर निनावी कविता लिहायची. मग चिठ्ठ्या पिसायच्या आणि आपल्याकडे आलेली दुसऱ्याची कविता कोऱ्या कागदावर उतरवायची, म्हणजे अक्षरावरून कवी ओळखू येत नाही. त्यावर मतं. निवडलेली कविता वाचली की कवीने आपलं नाव पुकारायचं.

त्या दिवशी ही वाचली गेली:

बायकोचे बूट
वाट पाहत दाराशी,
हिवाळी दुपार

सात मतं. मासळीवाल्या ताकेईबाईंनी डोळे पुसले. "कोण बिचारा एकटा पडलाय?"

नाव कोणी पुकारेना. शेवटी मोरोकुमा लालबुंद होऊन म्हणाले, "माझीच. म्हणजे माझी नाही. मी 'हातात घेऊन दाराशी' लिहिलं होतं."

आमच्या जपानी लिपीत 'हातात धरणे' आणि 'वाट पाहणे' यांची अक्षरं उजवीकडून अगदी एक. फरक काय तो डावीकडच्या दोन फटकाऱ्यांचा.

"अगं बाई! म्हणजे बायको जिवंत?" ताकेईबाई म्हणाल्या.

"तुमच्या शेजारी बसलीय."

मंडळ चालवणाऱ्या इनागाकी गुरुजींनी विचारलं, "उतरवली कोणी?"

"मी," मोरोकुमांच्या पत्नी चिएको म्हणाल्या. "चूक नाही, मुद्दाम. टाच निघालीय, दुरुस्तीला नेतो म्हणाले. तीन आठवडे बूट दाराशीच आहेत. अहो, हातात कधी घेतलेत?"

"पण अक्षर ओळखायचं नसतं ना!"

"चाळीस वर्षं तुमच्या चिठ्ठ्या वाचतेय. आंधळी होऊ?"

गुरुजींनी चहा संपवला. "खरं काय ते घरी ठरवा. मंडळाला फक्त नाव हवंय."



"सांगा की," चिएको म्हणाल्या. "बसमध्ये थांबे ओरडायचात तसं."

मोरोकुमा उठले, कोट खाली ओढला आणि ओरडले, "मोरोकुमा!" पलीकडच्या खोलीतला पटाचा खेळ थांबला.

ताकेईबाईंनी मत परत मागितलं. त्यांनी ते विधुराला दिलं होतं.

"मग सहा मांडू का?" मी पेन्सिल उचलत विचारलं.

"मांडा," मोरोकुमा म्हणाले. "पण शाईने."