चिमणाबाईची भिंत

संयोगितानं तिसऱ्यांदा टेप लावला, तरी मेळ बसेना. घर बाहेरून एक्केचाळीस फूट लांब भरत होतं आणि आतल्या खोल्या, भिंतींची जाडी सगळं धरून तेहतीस. गेली पंधरा वर्षं ती आयटीआयमध्ये पोरांना नकाशे काढायला शिकवत होती. तिचं माप सहसा चुकत नसे. उत्तरेकडचे आठ फूट कुठंतरी गडप झाले होते.

कागलच्या पलीकडं माळालगतची ही जागा तिनं आणि उदयसिंहनं, तिच्या नवऱ्यानं, नवं घर बांधायला संक्रांतीच्या सुमारास घेतली होती. जागेवर एकच घर होतं, तेही भेंड्यांचं. मातीत गवत कालवून उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांचं. विकणारे कोल्हापूर शहरातले. त्यांच्यातलं कुणी त्या घरात एक दिवसही राहिलेलं नव्हतं. उदयसिंह एमआयडीसीत सुपरवायझर, त्याचं सगळं सरळ. "सोमवारी जेसीबी येतोय. दोन तासांत सपाट करतोय बघ. मापं कसली घेत बसलीयास?"

पण इतकं जुनं घर पाडायचं तर त्याचा एक नकाशा तरी जवळ असावा, एवढंच तिच्या मनात होतं.

घराच्या आत उत्तरेच्या भिंतीवर हात ठेवला आणि तो तिनं झटकन मागं घेतला. एप्रिलचं ऊन पत्रा तापवत होतं आणि भिंत गार होती, ओलसर होती, आत्ताच कुणी लिंपून गेल्यासारखी. भिंतीत वरून खाली एक भेग होती. सवयीनं तिनं भेगेच्या दोन्ही कडांना पेन्सिलनं खूण करून तारीख घातली.

दुसऱ्या दिवशी शनिवारी दुपारी ती आली, तर खुणा तिथंच होत्या आणि मधली भेग नव्हती. तिथं ताजा चिखल होता. त्यावर चार बोटं ओढल्याचे वळ होते.

दारं-खिडक्या काढायला कृष्णात गवंडी आला होता. तिनं त्याला विचारलं, "ही भेग तुम्ही बुजवली?"

"मी कशाला बुजवू, ताई? परवा पाडायच्या घराला चिखल लावतंय कोण?" असं म्हणत तो जवळ आला, बोटांचे वळ बघितले. मग म्हणाला, "समोर बायडाआक्काकडं जाऊन या. ह्या घराचं तिला ठावं हाय."

बायडाबाई पंच्याऐंशीच्या पुढची, पण आवाज खणखणीत. सोप्यात तांदूळ निवडत बसली होती. संयोगितानं आठ फुटांचं सांगितलं, तसं तिनं सूप खाली ठेवलं.

"ते घर चिमणाबाईचं. नवरा मेल्यावर सासरच्यांनी भाईर काढली, तवा एकटीनं बांधल्यालं. गावठाणातली पांढरीची माती डोक्यावरनं आणली, एकेक भेंडा सोताच्या हातानं थापला. पदरात एक लेक. सात वर्साची."

"मग?"

"मग पलेग आला. समदं गाव माळावर खोपट्या घालून ऱ्हायलं. हिच्या लेकीच्या काखंत गाठ आली. गावानं म्हंटलं, पोरगीला लांबच्या छपरात ठेव. तिकडं गेल्यालं कुणी माघारी येत न्हवतं की. चिमणाबाई म्हंटली, माझ्या पोरीला कुणी हात लावायचा न्हाय. माझ्या घराचा रोग तुमच्याकडं येणार न्हाय, ती जबाबदारी माझी. आन् लेकीला घिऊन आतल्या खोलीत गेली, आन् आतनं भिंत घातली."

संयोगितानं विचारलं, "आतून?"

"आतनं. भाकरीएवढं भोक ठेवलं. माझी आजेसासू धोंडुबाई रोज दिवस मावळायच्या आत तिथनं भाकर-पाणी द्यायची. तिच्या तोंडनंच मी आयकलंय. धा दिवस हात भाईर आला. अकराव्या दिवशी भोक लिंपल्यालं. आत थप थप चाललीती. धोंडुबाईनं हाळी दिली, पोरगी कशी हाय गं? तर आतनं म्हंटली, निजलीया. भिंतीतनं वारं लागतंय तिला, तेवढं लिंपून घेते."

"आणि पुढं?"

"पुढं काय? भाकर न्हाय, पाणी न्हाय, आन् शिमग्यापतोर थप थप ऐकू येत हुती. गाव माघारी आलं, पर भिंत उघडायचा धीर कुणाला झाला न्हाय."

त्या रात्री संयोगितानं उदयसिंहला काही सांगितलं नाही. तिचा विश्वास बसला होता असंही नाही. पण आत त्या मायलेकींची हाडं असतील, तर ती जेसीबीच्या दातांखाली कशी द्यायची? निदान नीट बाहेर काढावीत, त्यांचं काय करायचं ते करावं. रविवारी भर बारा वाजता तिनं कृष्णातला भिंत फोडायला लावली.

भेंड्यांचा एकच थर होता. तो निघाला आणि मागं माती लागली. पहार टेकवली की तिचा पापुद्रा सुटून यायचा, जेमतेम भाकरीच्या जाडीचा. त्याच्यामागं दुसरा, त्याच्यामागं तिसरा. लिंपणावर लिंपण चढवलेलं होतं. प्रत्येक थरावर बाईच्या हाताची चार बोटं ओढलेली दिसत होती.

संयोगिता थर मोजत होती. अकरा थर तसेच निघाले. बारावा सुटला आणि कृष्णातनं पहार थांबवली. बाईच्या बोटांशेजारी, गुडघ्याच्या उंचीवर, लहान हात उमटला होता. सहा-सात वर्षांच्या पोरीचा.

तेराव्यावरही होता, विसाव्यावरही, चाळिसाव्यावरही. तेवढाच. एका थरावर तर पोरीनं नुसतीच पाचही बोटं दाबून ठेवली होती, खेळल्यासारखी.

"ताई," कृष्णात म्हणाला, "चारी बाजूनं बंद खोली. एवढी माती आत आली कुठनं?"

ऐंशीपर्यंत तिनं थर मोजले आणि सोडून दिले. तीन फूट खोल गेल्यावर पहार एकदम पोकळीत घुसली. भोकातून गार वारा आला, त्याला पावसाळी मातीचा वास होता. कृष्णात पहार तिथंच टाकून बाहेर गेला तो परत आला नाही.

तिनं मोबाईलची बत्ती आत धरली. आत हाडं नव्हती, भांडं नव्हतं, चिंधीसुद्धा नव्हती. कुशीत पोरीला घेऊन एक बाई निजेल एवढी गुळगुळीत जागा होती आणि चारी बाजूंनी ओलं लिंपण चमकत होतं. तेवढ्यात आतून पोर खोकली. बारीक, झोपेतल्यासारखी.

संयोगितानं बत्ती खाली घेतली. आपण काय केलंय ते तिला कळलं. बाहेरचं वारं आपणच आत घातलं होतं.

ती अंगणात गेली, निघालेली माती घमेल्यात भरली, पाणी ओतून पायांनी तुडवली. चिखलाचे गोळे करून ती भोक भरू लागली. घामानं भिजली, नखं तुटली. शेवटी तळहाताएवढी जागा उरली. तिनं गोळा लावून दाबला, तर पलीकडून दाब आला. कुणीतरी तिच्या हातासमोर हात ठेवून आतल्या अंगानं चिखल सारखा करत होतं. थप, थप. घाई नव्हती त्या हाताला, रागही नव्हता. तो हात निघून जाईपर्यंत तिनं आपला हात काढला नाही.

हातपाय न धुताच ती बायडाबाईच्या दारात जाऊन बसली. म्हातारीनं तिच्या चिखलानं भरलेल्या हातांकडं पाहिलं.

"दोघी हायत न्हवं?" तिनं विचारलं.

"हायत," संयोगिता म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

संध्याकाळी तिनं उदयसिंहला सगळं सांगितलं. तो हसला नाही, पण त्याला पटलंही नाही. सोमवारी सकाळी जेसीबीच्या आधी तो एकटाच त्या घरात गेला. अर्धा तास आत होता. बाहेर आला तेव्हा उजव्या हाताचा ओला चिखल तो विजारीला पुसत होता. त्यानं ड्रायव्हरला चहा पाजला आणि म्हणाला, "पाव्हणं, गाडी फिरवा. आमी नवं घर रस्त्याच्या अंगाला बांधणार हाय."