वर्नाचं शहर

ओरेस्ट बोयचुकने तिसऱ्या कंपनीच्या नावावर काट मारली आणि पेन्सिल कानामागे खोचली.

"हिचं काय बिनसलं आता?" लेस्याने शेगडीपासूनच विचारलं. आई गेल्यापासून ती दर शनिवारी रेजायनाहून मूस जॉला यायची, बापासाठी आठवड्याचं बीटाचं सूप करून ठेवायला.

"बावीस मिनिटं गाणी ऐकवली आणि फोन कापला."

"बाबा, तू कॉम्प्युटर जुळवून घेतोयस की जावई शोधतोयस?"

"जावयाच्या वेळी चौकशी कमी पडली होती."

लेस्याने डाव भांड्यावर जोरात आपटला, पण हसलीसुद्धा. तिच्या घटस्फोटाला आता चार वर्षं होऊन गेली होती.

त्याची बायको वर्ना एप्रिलमध्ये गेली आणि आठच दिवसांत तिचं कॉम्प्युटरचं मशीनही गेलं. वीज वरखाली झाली, आतून धूर निघाला, संपलं. गावातल्या दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं आणि सांगितलं की सगळं जळालंय, फक्त डिस्क शाबूत आहे. त्या डिस्कवर वर्नाचं शहर होतं.

अडुसष्ट वर्षांची बाई कॉम्प्युटरवर खेळते म्हणून चर्चमधल्या बायका तिची थट्टा करायच्या. करू देत. अकरा वर्षं ती त्या शहर बांधायच्या खेळात मूस जॉ बांधत होती. आजचं नव्हे, तिच्या लहानपणीचं. पाडून टाकलेली धान्याची उंच कोठारं, बंद पडलेलं सिनेमाघर, तिच्या बापाची बेकरी. मागच्या हिवाळ्यात तिने आतल्या खोलीतून किती हाका मारल्या!

"ओरेस्ट, ये ना रे! तुझं रेल्वेचं यार्ड झालं बघ. सगळे रूळ घातलेत!"

"येतो, येतो. टीव्हीवरची हॉकी संपू दे."

हॉकी संपायची, तोवर वर्ना झोपलेली असायची. आणि ओरेस्टला वाटायचं, जातंय कुठे ते, बघू की कधीतरी. आता ते शहर एकदा डोळ्यांनी पाहायचं, एवढी एकच गोष्ट त्याला या जगाकडून हवी होती. पण ते इतकं पसरलं होतं की साध्या मशीनवर उघडलंच नसतं. खेळणाऱ्यांचं असतं तसलं दांडगं मशीन मापानुसार जुळवून घ्यावं लागणार होतं, त्याच्यात वर्नाची डिस्क बसवून.

"किती बोलवायची तुला ती," लेस्या पाठमोरीच म्हणाली. "एकदा तरी उठला असतास."

 ओरेस्टने चौथा नंबर फिरवला.

चौतीस वर्षं त्याने रेल्वेच्या यार्डात मालगाडीचे डबे तपासले होते. कुणावर किती भरवसा ठेवायचा हे कळायला त्याचा एकच प्रश्न असायचा. पहिल्या कंपनीला त्याने तोच विचारला, तर पोरगा म्हणाला, आमच्याकडे कधी काही बिघडतच नाही. खोटारडा. दुसरीने प्रश्न ऐकून न घेताच सूट जाहीर केली.

"मागच्या वर्षभरात तुमच्या हातून काय बिघडलं?" त्याने चौथीला विचारलं.

ही विनिपेगची होती. कॅरा थीसन नावाची बाई आणि तिचा भाऊ, एवढीच कंपनी.

"फेब्रुवारीत एक स्क्रू सैल राहिला," ती म्हणाली. "वाटेत पंखा निखळला. गिऱ्हाईकाने मला चांगलंच झापलं, आणि बरोबरच होतं त्याचं. तेव्हापासून पेटी बंद करण्याआधी मशीन मी स्वतः हलवून बघते. आणि कागदावर लिहिलंय त्याच्याबाहेर आम्ही काही करत नाही. लिहिलंय ते मात्र पूर्ण करतो."

ओरेस्टने तिच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या. कित्येक आठवड्यांनी त्याने सूप दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

"डिस्क पाठवण्याआधी तिची एक नक्कल काढून ठेवू या का?" लेस्याने विचारलं. "तो दुरुस्तीवाला देईल काढून."

"नको. आणखी एक हात लागायला नको तिला. यार्डात सगळे घोळ हात वाढले की व्हायचे."

कॅराने पाठवलेला फॉर्म लेस्याने छापून आणला. ओरेस्टने चष्मा पुसून तो ओळ न् ओळ वाचला. शेवटी लिहिलं होतं, 'ग्राहकाची जुनी डिस्क', आणि पुढे दोन चौकोन होते: 'जशी आहे तशी' आणि 'क्लीन'. यार्डात चाकांचा आस तडकलेला डबा दुरुस्तीला कारखान्यात धाडायचा असला की त्याच्या चिठ्ठीवर 'जसा आहे तसा' लिहायचे. ज्याच्यात काडीचाही दोष नाही, तो डबा 'क्लीन'. चौतीस वर्षं त्याने हाच शब्द लिहिला होता. वर्नाच्या डिस्कमध्ये कसला आलाय दोष? त्याने 'क्लीन'वर ठसठशीत खूण केली, खाली सही ठोकली आणि डिस्कसकट पाकीट स्वतः पोस्टात नेऊन दिलं.

पाच आठवड्यांनी मशीन आलं. पेटीच्या आत फेस, फेसाच्या आत पिशवी, प्रत्येक वायर बांधलेली. ओरेस्टने झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि मान डोलावली. काम म्हणजे असं! लेस्याने ते वर्नाच्या टेबलावर जोडलं, आईच्या नावाने खेळ पुन्हा उतरवून घेतला. ओरेस्ट दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून वर्नाच्या खुर्चीत बसला.

पडद्यावर हिरवी जमीन आली. एक नदी होती, बाकी काही नाही. वर लिहिलं होतं, 'नवीन शहर'.

लेस्याने इकडे दाबून पाहिलं, तिकडे दाबून पाहिलं. मग विनिपेगला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"कागद समोर घेते हं," कॅरा म्हणाली. कपाट उघडल्याचा आवाज आला. "मिस्टर बोयचुक, तुम्ही 'क्लीन'वर खूण केलीय."

"हो. म्हणजे दोष नाही असं."



"आमच्याकडे क्लीन म्हणजे पुसून कोरी करायची," ती हळूच म्हणाली. "मी फोन करून विचारायला हवं होतं. पण खूण इतकी ठाम होती, तुम्ही बोलायलाही इतके पक्के होतात..."

"काही परत मिळेल?" लेस्याने विचारलं. "थोडं तरी?"

"कुणी वरवर पुसली असती तर मिळालं असतं. आम्ही तीनदा पुसतो." ती म्हणाली. "मला माफ करा. पैसे परत पाठवते."

"पैसे नका पाठवू," ओरेस्ट म्हणाला. "सही माझी आहे. तुम्ही काम चोख केलंत."

लेस्याने फोन ठेवला.  नको ती चौकशी केली, असं ओरेस्टला वाटलं. त्या खोटारड्या पोराकडे काम दिलं असतं, तर त्याने अर्धवट पुसून ठेवलं असतं आणि काहीतरी उरलं असतं.

"यार्ड कसं केलं होतं गं तिने?" त्याने विचारलं. "इंजिनाची गोल शेड होती का? तू सांग. तू सांगितलंस तरी पुरे मला."

त्याने वळून पाहिलं, तर लेस्या भिंतीला टेकून उभी होती आणि तिने तोंडावर हात धरला होता.

"दर शनिवारी फोनवर म्हणायची, येऊन बघ," ती म्हणाली. "मी म्हणायचे, ख्रिसमसला आले की बघते. ख्रिसमसला सगळे जमलेले, जेवणं, भांडी... राहूनच गेलं बाबा."

"म्हणजे तूसुद्धा..."

"एकदाही नाही."

ओरेस्ट पुन्हा पडद्याकडे वळला. नदी वाहत होती. लेस्याने दुसरी खुर्ची ओढली आणि ती त्याच्या शेजारी येऊन बसली.