तीन कडव्यांवरची जागा

मनकर्णाबाईनं खिडकीच्या चौकटीत शेवटचा खिळा ठोकला आणि वाकळ घट्ट ताणली. तरी एका विरलेल्या ठिगळातून उन्हाची तिरीप आत येतच होती. तिनं वरून घोंगडं टांगलं, तेव्हा कुठे भर दुपारी तीन वाजता चर्चात अंधार झाला.

"लावा आता," ती म्हणाली.

तिचा नवरा पिराजी चर्चचा शिपाई. घंटा तोच वाजवायचा, ढोलकी तोच वाजवायचा आणि मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई विलायतेला परत जाताना सिनेमाचं जे मशीन ठेवून गेल्या, तेही तोच चालवायचा. मशीनसोबत रीळ एकच. एकोणतीस वर्षांमागं बाईंनी स्वतः उतरवलेलं. ईस्टरची पहाट, गावातल्या ख्रिस्ती मंडळीची फेरी, आणि कबरस्तानात एकेका कबरीपाशी थांबून फुलं वाहणारी माणसं. रिळाला आवाज नव्हता. म्हणून दरवर्षी ईस्टरच्या आदल्या दिवशी मंडळी पडद्यासमोर बसून तेच गाणं म्हणायची, पडद्यावरच्या ओठांशी ओठ जुळवून. पोराटोरांनासुद्धा पाठ झालं होतं, कोण कुठल्या ओळीला कुठं थांबतं ते.

यंदा पहिल्या बाकावर नायब तहसीलदार बसले होते. दुष्काळातली गुरांची छावणी बघायला म्हणून साहेब गावात मुक्कामी होते. शेजारी रोजगार हमीचा मुकादम शेषेराव.

लातूर जिल्हा होऊन साडेतीन वर्षं झाली होती आणि नव्या जिल्ह्याला जिथं तिथं जागा लागत होती. इथं धान्याचं गोदाम बांधायचं ठरलं, आणि कागदोपत्री कबरस्तान निघालं गायरान! आता गरिबांच्या कबरी त्या. ना चौथरा, ना क्रूस. मातीचा उंचवटा आणि उशाला एक धोंडा. उंचवटे पावसापाण्यानं कधीच बसले होते. धोंडे तेवढे राहिले होते, तर पुसाच्या महिन्यात दुष्काळी काम निघालं आणि शेषेरावाच्या टोळीनं ते उचलून खडी फोडली. मनकर्णाबाई तेव्हा पाझर तलावाच्या कामावर होती. परत येऊन बघते तर सपाट माळ. खडीचा ढीग मात्र कडुलिंबाखाली तसाच पडून होता, कारण रस्त्याचा पत्ताच नव्हता.

चर्चचं जुनं रजिस्टर साहेबांनी सकाळीच चाळलं होतं. "यात मेलेल्यांची नावं आहेत," ते म्हणाले होते. "कुठं पुरलं ते कुठं लिहिलंय?" म्हणून आता हे रीळ.

मशीन घरघरलं. पडद्यावर कडुलिंब आला, पाठोपाठ तरणाबांड पिराजी गळ्यात ढोलकी घालून. त्याच्यामागं ओंजळीत फुलं धरलेली एक किडकिडीत बाई. मनकर्णाबाईनं गळा साफ केला, तोंड उघडलं, आणि फट् आवाज झाला. पडदा काळा.

"बल्ब गेला," पिराजी अंधारातून म्हणाला.

"दुसरा?"

"हैदराबादेबिगर मिळत न्हाई, साहेब."

साहेब उठले, दारावर धोतरागत लोंबणारं दुसरं घोंगडं बाजूला सारून उंबऱ्यात गेले. "बाई, मी काय तुमचा वैरी नाही. पण उद्या तीस तारीख. मार्चअखेर आहे, आम्हाला रविवार-बिविवार काही नाही. सकाळी मोजणी होणार."

"व्हऊ द्या की. पर मोजायच्या आधी उगवतीला लिंबापाशी या. शिनेमा दावते."

"अहो, मशीन बंद पडलं ना?"

"मशीन बंद पडलंय. मी न्हाई पडले."

शेषेराव फिस्सकन हसला. साहेब हसले नाहीत.

दिवस कलताना ती फुलांना निघाली. एरवी लातूरच्या बाजारातून झेंडू यायचा; यंदा माणसाला प्यायला टँकर, झेंडूला कोण पाणी घालतंय? पण माळावर तरवड पिवळाजर्द फुलला होता. त्याला दुष्काळ पडल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं जणू. ओढ्याच्या कोरड्या पात्रात पिवळा धोत्रा माजला होता, बांधाला रुई होती आणि पळसाला शेवटची चार फुलं. धोत्र्याच्या काट्यांनी तिची बोटं सोलली. तिनं बोट तोंडात घालून चोखलं आणि पुढचं फूल खुडलं.

पिराजी टोपली धरून मागं मागं येत होता.

"मनकर्णे, चुकलं म्हंजे?"

"काय चुकंल?"

"दोन हात इकडं तिकडं... आपली पोरगी तर रजिस्टरातबी न्हाई."

ती थांबली. हे खरंच होतं. पोरगी चार दिवसांची होऊन गेली, बाप्तिस्मा व्हायच्या आधी. तेव्हाचे पाळक म्हणाले होते, नावच नाही तर नोंद कशाची करू? नाव होतं. मनकर्णाबाईनं बाळंतिणीच्या खाटेवरच ते ठरवलं होतं, पण पाळकांचं ऐकून ते जे गिळलं, ते पिराजीलाही कधी सांगितलं नाही. रिळातली ती किडकिडीत बाई म्हणजे तीच. पोरगी जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. ईस्टर आला की ती पडद्यावर स्वतःला बघायची, तिसऱ्या कडव्याच्या शेवटाला वाकताना.

"रजिस्टरात न्हाई, पर माज्या पायात हाय," ती म्हणाली. "चला, टोपली भरा."

दुसऱ्या दिवशी फटफटताना मंडळी कडुलिंबाखाली जमली. चाळीसेक माणसं. लिंब मोहरला होता आणि खाली खडीच्या ढिगावर त्याचा चुरा पडला होता. शेषेरावाची टोळी उन्हाच्या आधी कामाला लागायची, ती कुदळी-घमेली घेऊन बाजूला उभी. साहेब आले, मोजणीदार साखळी घेऊन आला, बगलेत वही मारून कारकून आला.

"येशू उठला हाय!" मनकर्णाबाई म्हणाली.

"खरोखर उठला हाय!" मंडळी म्हणाली.

"त्या दिवशी कबरीवरची धोंड देवदूतानं लोटली हुती," तिनं शेषेरावाकडं बघितलं. "आमच्याकडं मुकादमानं लोटली."

मंडळीत खसखस पिकली. पिराजीनं ढोलकीवर थाप दिली. तिनं डोळे मिटले आणि लिंबाच्या बुंध्याला पाठ टेकून पहिलं पाऊल टाकलं.

*उठला गं बाई, उठला धनी,*
*कबर रिकामी बघा जाऊनी...*

एका ठोक्याला एक पाऊल. ओळ संपली की वळायचं, धृपद घोळवत एकेका कबरीपाशी थांबायचं. ती थांबली की मागचं कुणीतरी पुढं होऊन फुलं ठेवायचं, "आमचा आजा", "आमची थोरली", असं पुटपुटायचं, आणि फेरी पुढं सरकायची. घरात अंधारात चूल हुडकावी, तशी डोळे मिटलेली म्हातारी सपाट माळावर चालत होती. तिसऱ्या कडव्याच्या शेवटच्या ठोक्याला ती थांबली आणि वाकली. तरवडाची फुलं मातीवर ठेवली. मग उठून चौथं कडवं धरलं आणि उरलेल्या रांगा पुऱ्या केल्या.

फेरी संपली. माळावर पिवळे-तांबडे पुंजके दिसत होते, ओळीनं.

"वा!" शेषेराव म्हणाला. "कुटंबी थांबायचं अन् म्हणायचं, हितं माजी लेक हाय. साहेब, आसं तर मीबी नाचून दावतो."

साहेबांनी मनकर्णाबाईकडं बघितलं. "बाई, याला पुरावा म्हणता येत नाही."

ती तरातरा टोळीपाशी गेली, पहिल्या बाईच्या खांद्यावरची कुदळ ओढून घेतली आणि तरवडाच्या पुंजक्यापाशी आणून आदळली.

"मग खणा! माज्या लेकीपास्नं सुरू करा. मी हितं हुबी हाय. हाडं निघाली न्हाईत तर गोदाम बांधा, पयलं पोतं मी व्हाते!"

पिराजीनं मान खाली घातली.

"भीमा, तुजी कुदळ हाय ना? खण," शेषेराव म्हणाला. पण आवाज उतरला होता.

भीमाबाई बौद्धवाड्यातली, तीन लेकरांची आई. हजेरीवर चूल पेटायची. तिनं कुदळ उचलली, क्षणभर हातात तोलली आणि आडवी ठेवून दिली.

"साहेब, हितला धोंडा मीच उचलला हुता," ती म्हणाली. "पांढऱ्या गारेची शीर हुती त्याला. उचलला तवा खाली वाळल्या फुलांचा चुरा निगाला. मी मुकादमाला म्हनले, ह्या कबरी दिसायल्यात. तर त्ये म्हनले, गप ऱ्हा, न्हाईतर मस्टरातून नाव काढीन." तिनं तरवडाच्या फुलांकडं बोट केलं. "मावशी डोळं मिटून थांबली ती जागा हीच. लिहून घ्या."

"अंगठा देशील?" साहेबांनी विचारलं.

"अंगठा न्हाई. सही करते."

ती खडीच्या ढिगाकडं गेली. घमेलं भरलं, आणलं, आणि तरवडाच्या फुलांभोवती रिचवलं. मग परत गेली. दुसऱ्या खेपेला तिच्यामागं टोळीतल्या दोघी होत्या, तिसऱ्या खेपेला सगळ्याच. मंडळीतल्या बायांनी पदर पसरले. शेषेराव "अगं, ए! सरकारी खडी हाय!" म्हणत मधे फिरला, पण त्याला वळसा घालून घमेली जात राहिली. उन्हं वर येईस्तोवर प्रत्येक पुंजक्याभोवती खडीचा ढिगारा झाला.

साहेबांनी एका ढिगाऱ्याला वळसा घातला. मग मोजणीदाराला म्हणाले, "साखळी गुंडाळ. पंचनामा घे आधी."

कारकून वही घेऊन रांगांमधून फिरून आला.

"एकोणचाळीस, साहेब. पण रजिस्टरात अडतीसच नावं आहेत. एक जास्त होतंय."

"माजी," मनकर्णाबाई म्हणाली. "ती जास्तीची न्हाई. लिहा."

"नाव?"

पिराजीचा हात ढोलकीवर तसाच राहिला. एकोणतीस वर्षांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं, आणि आता तो कारकुनाच्याही आधी तिच्या तोंडाकडं बघत होता.

तिनं सोललेली बोटं पदराला पुसली.

"सिंधू," ती म्हणाली. "सिंधू पिराजी. वय चार दिवस. नीट लिहा, अन् लिहिलेलं वाचून दावा."