बॅटरी गेली होती

"आई, गोळाबिळा काही आला नव्हता गं पायात," हेडफोनमधून आवाज आला आणि काकांनी चहाचा कप खाली ठेवला.

काका आवाज टिपणारे. मुलींचं बास्केटबॉल जिथे खऱ्या अर्थाने शिकवलं जातं, अशा एका शाळेच्या संघावरच्या माहितीपटाचं चित्रण चाललं होतं. मुलींना कॅमेऱ्याची सवय लागायला महिना गेला. काकांची सवय करून घ्यावीच लागली नाही, कारण ते कोणाच्या नजरेतच येत नसत. रोज ते कप्तान मुलीच्या कमरेला माईकची डबी लावत. मुलगी इतकी उंच, की सगळे तिला शिडी म्हणत. थोड्या वेळात ती डबी विसरून जायची. सगळेच विसरतात, काकांचं पोट त्यावरच चाललं होतं.

मुली कपडे बदलायच्या खोलीत गेल्या की आवाज बंद करायचा, हा काकांचा नियम. पण आज मोठमोठ्या कॉलेजांची माणसं सामना पाहून खेळाडू निवडायला आली होती, म्हणून दिग्दर्शिकेने आवाज चालू ठेवायला लावला होता.

"मुद्दाम बसले मी," शिडी आईला सांगत होती. "चिमणी वर्षभर बाकावर बसून होती. मी बसले म्हणून तिला उतरवलं. आणि कसली खेळली गं ती. माझं तर ठरल्यातच जमा आहे. पण तिला कळता कामा नये, आई. कळलं तर ती कॉलेजातली जागा घेणारच नाही."

बाहेर मैदानावर मुलींनी बुटक्याशा चिमणीला खांद्यावर घेतलं होतं. ती रडत होती आणि हसतही होती.

आपल्या हाती सोनं लागलंय, हे काकांना कळलं. दिग्दर्शिका आनंदाने नाचली असती, अख्खा माहितीपट या चार वाक्यांवर उभा राहिला असता. आणि चिमणीने तो आईवडिलांच्या मधे बसून पाहिला असता.

काकांची पहिली नोकरी मेहुण्याने शब्द टाकून मिळवून दिली होती. पुढे कधीतरी त्याच्या घरी जेवताना हे मेहुण्याच्या तोंडून निसटलं. बिचाऱ्याने भलंच केलं होतं. पण नंतर कितीतरी दिवस त्या घरात काकांच्या घशाखाली घास उतरला नाही. कष्ट स्वतःचे असूनही आपल्याला कोणीतरी उचलून तिथे ठेवलंय, असं वाटत राहिलं.

काकांच्या हातून आवाज सुटत नाही, अशी धंद्यात त्यांची ख्याती होती. बायको म्हणायची, यांना साऱ्या जगाचं ऐकू येतं, माझंच तेवढं येत नाही. त्या काकांनी मन घट्ट केलं आणि सगळं पुसून टाकलं.

शिडी बाहेर आली. काकांच्या कानावरचा हेडफोन पाहून तिचा हात कमरेकडे गेला आणि चेहरा उतरला. तेवढ्यात दिग्दर्शिकाही आली. फोनवरचं मिळालं ना, म्हणून तिने विचारलं.

काकांनी डबी काढून मुठीत धरली. तिच्यावरचा हिरवा दिवा चांगला लागलेला होता. तो त्यांनी अंगठ्याखाली झाकला. शिडीने मात्र तो पाहिला होता.

"नाही मिळालं," काका म्हणाले. "बॅटरी गेली होती. सेल बदलायचे राहिले."

"तुमच्याकडून, काका?" दिग्दर्शिका हळूच म्हणाली. ती ओरडली असती तर काकांना बरं वाटलं असतं. कॅमेऱ्यावरच्या पोरांना तर चेष्टेला आयता विषय मिळाला. पुढच्या कामाला तिने दुसरा माणूस घेतला आणि काकांना फोनवर मोठ्या अदबीने सांगितलं, तुम्ही आता आराम करा.

माहितीपट शाळेच्या सभागृहात दाखवला. शिडी फोन कानाला लावून खोलीत जाते, तिथे नुसतं संगीत होतं. चिमणीने टाकलेला चेंडू जाळीतून खाली आला, तेव्हा तिच्या वडिलांनी डोळे पुसले. काकांनी तेवढंच पाहिलं.

बाहेर पडताना शिडीने त्यांना गाठलं. तिने सेलची एक नवीकोरी जोडी त्यांच्या हातात ठेवली.

"हे काय मधेच?" सोबतच्या चिमणीने विचारलं.

"काकांचे ऐन वेळी संपतात," शिडी म्हणाली आणि खाली वाकून त्यांच्या पाया पडली. काही न कळता चिमणीही पडली.

पुढे एकदा घरातलं घड्याळ बंद पडलं. तुमच्या पिशवीत नवे सेल आहेत ना, ते द्या, म्हणून बायकोने हात पुढे केला. काकांनी चपला घातल्या आणि दुसरे आणायला दुकानात गेले.